खरेदीचे अंदाजपत्रक : बेगमीपासून हिशेबापर्यंत

चैत्र-वैशाख आला की आपल्या घरात बेगमीची बोलणी सुरू होतात. गहू किती घ्यायचे, तूरडाळ किती, मिरच्या कोणत्या, हळकुंडे किती, याची यादी आई किंवा आजी करते. गेल्या वर्षीचे डब्यात किती उरले आहे ते ती आधी पाहते. यंदा घरी माणसे किती, लग्नकार्य आहे का, पाहुणे किती येतील, याचा अंदाज घेते. मग पगाराच्या पैशांतून एप्रिलमध्ये किती आणि मेमध्ये किती द्यायचे ते ठरवते. या सगळ्याला ती कधी शास्त्र म्हणत नाही. पण व्यवस्थापकीय हिशेबशास्त्रात ज्याला ‘कच्च्या मालाच्या खरेदीचे अंदाजपत्रक’ म्हणतात, त्याची सारी अंगे या यादीत असतात. गरज, शिल्लक, पुढची तरतूद आणि पैशाची वेळ ही ती चार अंगे होत.

हा विषय वाणिज्य शाखेचा, आपण कला शाखेचे, मग आपल्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या उपनगरांतच आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील चाळींत आणि सोसायट्यांत पापड, मसाले, फराळाचे पदार्थ करणारे महिलांचे किती तरी गट आहेत. त्यांतले काही वाढतात, काही दोन वर्षांत बंद पडतात. बंद पडणाऱ्यांचा माल वाईट असतो असे नाही. पुष्कळदा पैसा डाळीच्या पोत्यांत अडकतो आणि मजुरी द्यायला हातात काही उरत नाही. म्हणून हा प्रश्न अंकांचा असला तरी शेवटी माणसांचा आहे.

ऐंशी रुपयांचे भांडवल

आपल्या मुंबईतले या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ८० रुपयांचे आणि तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये इतकी होती. या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आज संस्थेचे मध्यवर्ती कार्यालय आपल्याच उपनगर जिल्ह्यात, वांद्रे येथे आहे, आणि सभासद भगिनींची संख्या हजारोंच्या घरात आहे.

या इतिहासात आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली पावसाची. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी खाट आणि शेगडी घेतली. खाटेवर पापड आणि खाली शेगडी, अशी युक्ती करून काम चालू ठेवले. हिशेबाच्या भाषेत याचा अर्थ असा की, उत्पादन बंद असेल तर डाळीची खरेदीही थांबवावी लागते. उत्पादन बारमाही झाले की खरेदीही बारमाही होते. खरेदीचा आकडा बाजारात ठरत नाही, तो आधी उत्पादनाच्या जागी ठरतो.

दुसरी गोष्ट मध्यवर्ती खरेदीची. पापड भगिनींच्या घरोघरी लाटले जातात, पण पीठ केंद्रात भिजवून मिळते आणि कच्चा माल एकत्रितपणे घेतला जातो. उडीद म्यानमारकडून, हिंग अफगाणिस्तानातून, मिरी केरळातून येते. पापडाची चव गावोगावी एकच राहावी हा त्याचा एक हेतू. दुसरा फायदा हिशेबाचा. शंभर ठिकाणी शंभर जणींनी किरकोळ भावाने डाळ घेण्याऐवजी एकाच ठिकाणी गरज मोजली, तर भावही नीट ठरतो आणि शिल्लकही एका नजरेत दिसते. १९७५ च्या सुमारास संस्थेने स्वतःची पिठाची गिरणीही सुरू केली. सकाळी केंद्रावर पीठच नसेल तर त्या दिवशी शेकडो भगिनींची मजुरी बुडेल. तेव्हा येथे अंदाजपत्रक चुकणे म्हणजे कोणाच्या तरी घरची चूल अडणे होय.

अंदाजपत्रकांची साखळी

अंदाजपत्रकाने उद्योग नियंत्रित करण्याच्या पद्धतीवर जेम्स मॅकिन्झी यांचा ग्रंथ १९२२ साली अमेरिकेत निघाला. आपल्याकडे परिव्यय लेखापालांच्या व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली ती १९५९ साली, म्हणजे गिरगावात पापड लाटायला सुरुवात झाली त्याच वर्षी. हा योगायोग असला तरी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या पद्धतीत अंदाजपत्रके एकामागून एक येतात. आधी विक्रीचे, मग उत्पादनाचे, मग कच्च्या मालाच्या वापराचे, मग खरेदीचे आणि शेवटी रोख पैशाचे. मधली एक कडी गाळली की पुढचे सगळे आकडे चुकतात. नवशिक्याची नेहमीची चूक अशी की, तो विक्रीवरून एकदम खरेदीवर उडी मारतो. ‘पाचशे किलो पापड विकायचे, तर तेवढ्याची डाळ आणा,’ असे तो म्हणतो. पण घरात तयार पापड किती पडले आहेत आणि डाळ किती शिल्लक आहे, हे तो विसरतो.

सूत्रे दोनच आहेत.

उत्पादन = विक्री + अखेरीस हवा असलेला तयार माल − सुरुवातीचा तयार माल.

खरेदी = उत्पादनाला लागणारा कच्चा माल + अखेरीस हवा असलेला कच्चा माल − सुरुवातीचा कच्चा माल.

एक काल्पनिक उदाहरण

मुलुंडमधील एखादा दहा-बारा जणींचा गट डोळ्यांसमोर आणू. पुढील सर्व आकडे समजण्याच्या सोयीसाठी धरलेले आहेत. पावसाळ्याआधी लोक पापड भरून ठेवतात, म्हणून मेमध्ये विक्री जास्त असेल असे मानू.

विक्रीचा अंदाज : एप्रिल ४०० किलो, मे ५०० किलो, जून, जुलै व ऑगस्ट प्रत्येकी ३०० किलो. गटाने ठरवले आहे की, प्रत्येक महिन्याच्या अखेरीस पुढील महिन्याच्या विक्रीच्या २० टक्के पापड तयार असावेत. एप्रिलच्या सुरुवातीला ८० किलो पापड तयार आहेत. आता उत्पादन असे येते :

एप्रिल : ४०० + १०० − ८० = ४२० किलो
मे : ५०० + ६० − १०० = ४६० किलो
जून : ३०० + ६० − ६० = ३०० किलो
जुलै : ३०० + ६० − ६० = ३०० किलो

येथेच पहिला बोध होतो. मेमध्ये विक्री ५०० किलोची, पण उत्पादन ४६० किलोचेच हवे.

आता डाळ. एक किलो पापडाला ७६० ग्रॅम उडदाचे पीठ लागते असे धरू. उरलेले वजन मीठ, पापडखार, मिरी, हिंग, तेल आणि ओलाव्याचे. पण ७६० ग्रॅम पिठासाठी ७६० ग्रॅम डाळ पुरत नाही. निवडताना खडे-कचरा जातो, दळताना काही उडते, काही जात्याला चिकटते. ही घट ५ टक्के धरली तर ८०० ग्रॅम डाळ हवी. ही घट कागदावर न मांडणारा गट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या वाण्याकडे किरकोळ भावाने डाळ घ्यायला धावतो.

म्हणजे डाळीचा वापर : एप्रिल ३३६, मे ३६८, जून २४० आणि जुलै २४० किलो. महिन्याच्या अखेरीस पुढील महिन्याच्या वापराच्या २५ टक्के डाळ हाताशी असावी असा नियम धरू. एप्रिलच्या आरंभी ८४ किलो डाळ आहे. खरेदी अशी होईल :

एप्रिल : ३३६ + ९२ − ८४ = ३४४ किलो
मे : ३६८ + ६० − ९२ = ३३६ किलो
जून : २४० + ६० − ६० = २४० किलो
एकूण : ९२० किलो

ताळा करून पाहावा. तीन महिन्यांचा वापर ९४४ किलो, त्यात अखेरची शिल्लक ६० मिळवली आणि आरंभीची ८४ वजा केली, की ९२० च येतात. ताळा जमला नाही तर कोठे तरी कडी निसटली आहे असे समजावे.

आता विक्रीवरून एकदम उडी मारणाऱ्याची खरेदी पाहू. त्याच्या हिशेबाने १,२०० किलो विक्रीला ९६० किलो डाळ हवी. फरक फक्त ४० किलोंचा दिसतो. पण त्याची महिनावार खरेदी ३२०, ४०० आणि २४० किलो होते. एप्रिलअखेर त्याच्याकडे ९२ ऐवजी ६८ किलोच उरतात, म्हणजे काम सर्वांत जास्त असलेल्या मे महिन्यात तो तोकड्या साठ्याने शिरतो. उलट मेअखेर त्याच्याकडे ६० ऐवजी १०० किलो डाळ असते, म्हणजे पावसाच्या तोंडावर साठा फुगतो. गरज असते तेव्हा कमी आणि नको असते तेव्हा जास्त, अशी ही दुहेरी चूक होय.

पैशाची वेळ

डाळीचा भाव किलोला १२० रुपये धरला तर खरेदीची रक्कम एप्रिलमध्ये ४१,२८०, मेमध्ये ४०,३२० आणि जूनमध्ये २८,८०० रुपये होते. एकूण १,१०,४०० रुपये. पण खरेदीची रक्कम आणि हातातून जाणारी रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यापारी निम्मे पैसे रोख आणि निम्मे पुढल्या महिन्यात घेतो असे धरू. मार्चचे १८,००० रुपये देणे आहे. मग प्रत्यक्ष द्यावे लागणारे पैसे असे :

एप्रिल : २०,६४० + १८,००० = ३८,६४० रुपये
मे : २०,१६० + २०,६४० = ४०,८०० रुपये
जून : १४,४०० + २०,१६० = ३४,५६० रुपये

या तीन ओळींत साऱ्या लेखाचे मर्म आहे. मेच्या मानाने जूनची विक्री ५०० वरून ३०० किलोंवर, म्हणजे ४० टक्क्यांनी उतरली. पण व्यापाऱ्याला द्यायची रक्कम सुमारे १५ टक्क्यांनीच कमी झाली, कारण मेची उधारी जूनमध्ये फेडायची आहे. याच महिन्यात मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि छत्री-रेनकोटचा खर्च असतो, आणि गटातल्या बायकांना मजुरी वेळेवर हवी असते. अंदाजपत्रक नसलेल्या गटाला ही ओढाताण जूनच्या दहा तारखेला कळते. अंदाजपत्रक असलेल्याला ती मार्चमध्येच दिसते. तो मेच्या विक्रीतून काही रक्कम बाजूला ठेवतो, किंवा व्यापाऱ्याशी आधीच बोलून मुदत वाढवून घेतो. संकट तेच असते, पण तयारीला तीन महिने मिळतात.

साठा किती ठेवावा?

वरच्या उदाहरणात आपण २५ टक्के शिल्लक धरली. ती २५ च का? दहा का नको, पन्नास का नको? व्यवहारात सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे.

कमी साठ्याचा धोका सरळ आहे. माल संपला की काम थांबते. जास्त साठ्याचा धोका लपलेला असतो. भांडवलावर व्याज पडते, जागा अडते, उंदीर-किडे लागतात, आणि आपल्या हवेत जून ते सप्टेंबर डाळीला दमटपणा धरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तळमजल्यावर पोती रचणाऱ्याला त्या दिवशी साठ्याची खरी किंमत समजली असेल.

या दोन टोकांमधला बिंदू शोधण्याचे एक सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ साली मांडले. वर्षाची गरज आणि दर खरेदीमागचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी, तिला एक किलो माल वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागावे आणि वर्गमूळ काढावे. वर्षाला ३,६०० किलो डाळ, दर फेरीला टेम्पो-हमालीचे २०० रुपये आणि किलोमागे सांभाळणुकीचे १६ रुपये धरले, तर उत्तर ३०० किलो येते. म्हणजे वर्षाला बारा फेऱ्या. मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावरून वाशीच्या धान्यबाजारात महिन्यातून एकदा टेम्पो नेणाऱ्या बाईने हे सूत्र वाचलेले नसते, पण तिचा अनुभव तिला त्याच जागी आणून सोडतो. मात्र हे सूत्र भाव आणि गरज वर्षभर सारखी राहील असे मानते. आपला बाजार इतका शहाणा नाही.

साठ्याच्या प्रश्नात सरकार आणि बँका यांचेही हात आहेत. १९७३-७४ च्या महागाईनंतर रिझर्व्ह बँकेने प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने १९७५ साली दिलेल्या अहवालात निरनिराळ्या उद्योगांनी किती महिन्यांचा कच्चा माल ठेवावा याची मापे घालून दिली. त्यापलीकडच्या साठ्याला बँकेने पैसा पुरवू नये असा त्यामागचा विचार होता. बँकेच्या पैशावर माल दडवून भाव चढवण्याला त्यामुळे लगाम बसणार होता. १९९७ साली रिझर्व्ह बँकेने ती सक्तीची चौकट मागे घेतली. पण कर्ज मागायला आलेल्याला ‘साठा इतका का?’ हा प्रश्न बँक आजही विचारते.

दुसरा हात १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याचा. २ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने तूर आणि उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचा २०० टन आणि किरकोळ दुकानदाराला ५ टनच माल ठेवता येणार होता. आयातदाराने जकातीतून सुटलेला माल ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये असेही बजावले. दोन-तीनशे किलो डाळ घेणाऱ्या गटाला हा नियम थेट लागत नव्हता. पण त्याचा पुरवठादार त्या नियमात होता. शिवाय उडदाच्या बाबतीत आपण बरेचसे म्यानमारवर अवलंबून आहोत. २०२१ साली झालेल्या करारानुसार पाच वर्षे दर वर्षी अडीच लाख टन उडीद तेथून घेण्याचे ठरले. तेथे काही बिघडले की वाशीत भाव हलतो आणि मुलुंडच्या स्वयंपाकघरातले अंदाजपत्रक डळमळते.

फरक शोधणे

म्हणून अंदाजपत्रक करून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. महिना संपल्यावर प्रत्यक्ष आकडे त्याच्या शेजारी मांडावे लागतात. समजा मेमध्ये ३३६ किलो डाळ १२० रुपयांनी घ्यायची होती, पण ३५० किलो १३० रुपयांनी घेतली. ठरलेले ४०,३२० रुपये, झालेले ४५,५०० रुपये. जादा ५,१८० रुपये.

या रकमेवरून गटात भांडण लागू शकते. ‘खरेदीला गेलेलीने पैसे उधळले,’ असे कोणी म्हणेल. हिशेबशास्त्र सांगते की आधी फोड करा. भाव वाढल्यामुळे ३५० × १० = ३,५०० रुपये जादा गेले. वजन जास्त घेतल्यामुळे १४ × १२० = १,६८० रुपये जादा गेले. पहिला भाग बाजाराचा आहे. त्याबद्दल खरेदी करणारीला दोष देणे अन्यायाचे. एवढेच विचारावे की, दोन दुकाने पाहिली होती ना? दुसऱ्या भागाचे मात्र उत्तर मिळायला हवे. डाळीत कचरा जास्त होता म्हणून १४ किलो जादा लागली, की पुढे भाव चढेल या धास्तीने घेतली? पहिले असेल तर पुरवठादार बदलावा. दुसरे असेल तर तो सट्टा झाला. तो करायचा की नाही हे सगळ्यांनी बसून ठरवावे, एकटीने नव्हे.

फरकाची अशी फोड केल्याने दोष नेमका जागेवर बसतो आणि निर्दोष माणसावरचा संशय दूर होतो. जेथे दहा-बारा जणी विश्वासावर एकत्र आलेल्या असतात, तेथे याचे मोल पैशांत मोजता येणार नाही.

समारोप

अंदाजपत्रकाला मर्यादा आहेत. त्याचा पाया विक्रीच्या अंदाजावर असतो आणि अंदाज चुकतात. एखाद्या वर्षी पाऊस लांबतो, एखाद्या वर्षी समोरच्या दुकानात दुसऱ्याचे स्वस्त पापड येतात. आकड्यांच्या मोहात पडून कोणी चांगली डाळ सोडून हलकी डाळ घेईल, तर अंदाजपत्रक पाळले जाईल पण गिऱ्हाईक जाईल. तेव्हा हे साधन आहे, साध्य नव्हे, हे विसरू नये.

तरीही त्याच्याशिवाय चालणेही योग्य नाही. विलेपार्ल्यात १९२९ साली सुरू झालेल्या आणि २०१६ साली बंद झालेल्या बिस्किटांच्या कारखान्यापासून ते चाळीतल्या पापडाच्या गटापर्यंत प्रत्येकाला रोज सकाळी एकच प्रश्न पडत आला आहे : आज कामाला माल आहे का, आणि उद्याच्या मालाला पैसे आहेत का? मोठ्या कारखान्यात या प्रश्नासाठी स्वतंत्र खाते असते. लहान गटात तो प्रश्न बहुधा एकाच बाईच्या डोक्यात असतो, आणि ती आजारी पडली की हिशेबही आजारी पडतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात किंवा शेजारी असा एखादा गट असेल. येत्या सुट्टीत एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. आरंभीची शिल्लक, महिन्याची गरज, अखेरची शिल्लक आणि पैसे देण्याची तारीख, एवढे चार रकाने आखून द्यावेत. त्यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. बेरीज-वजाबाकी यावी लागते आणि डब्याचे झाकण उघडून आत किती आहे हे प्रामाणिकपणे पाहण्याची तयारी लागते. आपल्या आजीकडे या दोन्ही गोष्टी होत्या. तिने फक्त वही ठेवली नव्हती.